आधी कापायचं, मग सांधायचं

गोराई, मढ, वर्सोवा, वरळी, कुठल्याही कोळीवाड्यात दुपारच्या वेळी जाळं सांधत बसलेला माणूस जरा थांबून पाहावा. जाळ्याला भोक पडलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, आता हा दोरा ओवून भोक बुजवणार. पण तो आधी सुरी हातात घेतो आणि भोक मोठं करतो.

कारण साधं आहे. जाळं फाटतं तेव्हा भोकाच्या कडेच्या काही गाठी अर्धवट सुटलेल्या असतात, काही धागे ताणून विरलेले असतात, पण वरून शाबूत दिसतात. त्यांच्यावर नवी गाठ मारली तर पहिल्याच ओढीला ती जुन्या धाग्यासकट निघून येते. म्हणून खराब धागे कापत कापत पक्क्या गाठीपर्यंत मागे जायचं. कापून झालं की भोकाच्या वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला एक, अशा दोनच गाठी तीन धाग्यांच्या उरायला हव्यात. कडेच्या बाकी सगळ्या गाठींना दोन-दोन धागे. वरच्या तीन धाग्यांच्या गाठीपासून सुरुवात करायची, खालच्या गाठीवर संपवायचं. प्रत्येक नवी आस, म्हणजे जाळ्यातलं एकेक घर, जुन्या आसेएवढीच हवी, म्हणून मापाला पट्टी किंवा बोटं. आस लहान पडली तर जाळं तिथे गोळा होतं आणि सगळा ताण त्याच जागी येतो. मोठी पडली तर मासळी निसटते. आणि नायलॉनची गाठ जोर लावून आवळली नाही तर ती सरकते.

बायबलमध्ये, मत्तय ४:२१ मध्ये, याकोब आणि योहान हे कोळी भाऊ बापाबरोबर तारवात बसून हेच काम करत होते. त्या कामासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, कातार्तीझो, तेच पौल गलतीकरांस लिहिताना ६:१ मध्ये वापरतो: कुणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेने पुन्हा नीट करा. मराठीत वाचताना या दोन जागांचा संबंध लक्षात येत नाही, कारण शब्द वेगळे पडतात. जुने ग्रीक वैद्य निखळलेलं हाड जागेवर बसवण्यालाही याच घराण्यातला शब्द वापरत. म्हणजे मोडलेल्या माणसाचं पुन्हा उभं राहणं ही पवित्र शास्त्राच्या भाषेत कारागिरी आहे. तिला क्रम आहे, माप आहे, वेळ लागतो, आणि सुरुवातीला भोक मोठं होतं. ख्रिस्ती आशेबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच, पण आपल्या मंडळ्यांमध्ये नेमकं याच जागी चुकतं म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

आपल्याकडे गाठ मारायची घाई फार. घरात माणूस जाऊन दोन तास झाले नाहीत तोवर कुणीतरी म्हणतं, “देवाची इच्छा.” नवऱ्याने टाकलेल्या बाईला पहिल्याच भेटीत क्षमेवरचं वचन ऐकवलं जातं. गर्भपात झालेल्या मुलीला “पुन्हा होईल” सांगतात. सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे “तुझा विश्वास कमी पडला.” हे सगळं विरलेल्या धाग्यावर मारलेल्या गाठीसारखं आहे. यिर्मयाने ६:१४ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवलं आहे: शांती नसताना “शांती, शांती” म्हणत लोकांची जखम वरवर बरी करणारे. आणि तो हे बोलतो आहे ते संदेष्टे आणि याजक यांच्याबद्दल, म्हणजे आतल्याच लोकांबद्दल.

मग सुरुवात कुठून करायची? १ राजे १९ वाचा. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून “आता माझा प्राण घे” म्हणतो. देव त्याला उपदेश करत नाही. दूत त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला घालतो. मग चाळीस दिवसांची चाल. आणि त्यानंतर होरेब डोंगरावर पहिला प्रश्न येतो, “एलीया, तू इथे काय करतोस?” दोन जेवणं, दोन झोपा, चाळीस दिवस, आणि मग बोलणं. या क्रमाला मी कुठल्याही समुपदेशनाच्या पुस्तकापेक्षा जास्त मानतो.

मुंबईत हा क्रम पाळायचा तर काही गोष्टी ठरवून कराव्या लागतात. पहिली भेट अर्ध्या तासाच्या वर नको. हातात जेवण असावं, पण परत द्यायचा नाही अशा डब्यात. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, आणि दुःखातल्या घराला त्या रीतीचाही भार होतो. वरण-भात, मऊ खिचडी, उकडलेली अंडी चालतात. ज्याला भूक नाही त्याला बिर्याणीचा वास सहन होत नाही. एक काम अंगावर घ्या आणि ते नाव घेऊन सांगा. “काही लागलं तर सांग” असं म्हटलं की कुणीही काही सांगत नाही. “उद्या सकाळी मी वॉर्ड ऑफिसला जातो, मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, कागद माझ्याकडे दे” असं म्हटलं की माणूस कागद काढून देतो. मुलांना शाळेत सोडणं, गॅसचा नंबर लावणं, हॉस्पिटलच्या बिलाच्या झेरॉक्स, ही कामं त्या आठवड्यातली खरी सेवा.

आणि बोलायची जागा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, दार उघडं असतं, शेजारी आत डोकावून जातात. रडायला जागाच नसते; बायका नळ मोठा सोडून मोरीत रडतात. अशा घरात समोर बसून “मन मोकळं कर” म्हणणं ही जबरदस्ती होते. दुपारच्या वेळी चर्च उघडं असेल तर मागचा बाक चांगला. पुरुष समोरासमोर बोलत नाहीत, शेजारी शेजारी चालताना बोलतात. दादर चौपाटी, कार्टर रोड, जिथे जवळ असेल तिथे चाला. बाईबरोबर बाईनेच बसावं. आणि जे ऐकलं ते रविवारी प्रार्थनेच्या विनंत्यांत मोठ्याने वाचू नये. “अमुक भगिनीच्या संसारासाठी प्रार्थना करू या” या एका वाक्याने किती बायकांनी चर्चला येणं सोडलं असेल!

भोक मोठं करणं म्हणजे दुःखाला त्याचं खरं माप देणं. त्यासाठी पवित्र शास्त्रात एक तयार हत्यार आहे, विलाप. १५० स्तोत्रांपैकी मोठा भाग विलापाचा आहे, पण आपल्या उपासनेत गायली जातात ती बहुतेक स्तुतीची. स्तोत्र १३ फक्त सहा ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत “कोठवर?” हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोन ओव्यांत मागणं. शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा. यावरून घरी करता येईल असा एक पाठ तयार होतो. वही घ्यायची. पहिली ओळ देवाला हाक मारणारी. पुढच्या चार ओळी “कोठवर” या शब्दाने सुरू करायच्या, आणि त्यात नावं, तारखा, रकमा लिहायच्या. “कोठवर हे दुःख” असं मोघम नको. “कोठवर मी त्याचा टूथब्रश तसाच ठेवू” असं लिहायचं. मग दोन ओळी मागण्याच्या. शेवटची ओळ भरवशाची, पण ती आली तरच. आली नाही तर जागा कोरी सोडायची. स्तोत्र ८८ अंधारात संपतं, त्यात भरवशाचा शेवट नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्यांनी ते ग्रंथात ठेवलं त्यांना माहीत होतं की काही रात्री अशाच संपतात.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. विठ्ठलाशी कडाकडा भांडणारे अभंग आपल्या कानावर लहानपणापासून आहेत. जवळच्याशीच भांडता येतं. स्तोत्रकर्त्याचं भांडणही तसंच आहे. तो देवाबद्दल तक्रार करत नाही, देवाजवळ करतो.

आता औषधाबद्दल, कारण सर्वात जास्त नुकसान इथे होतं.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, पूर्ण व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत मळमळ, झोपेचा घोळ, तोंड कोरडं पडणं हे त्रास मात्र लगेच सुरू होतात. नेमक्या याच काळात कुणीतरी प्रार्थनासभेत सांगतं की येशू मोठा वैद्य आहे, गोळ्या कशाला? माणूस गोळ्या टाकून देतो. आणि ज्याला बरं वाटायला लागलेलं असतं तोही “आता बरा झालो” म्हणून एकदम थांबवतो. मग चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं, आणि काही आठवड्यांनी आजार परत. गोळी कमी करायची ती लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या हाताने, हळूहळू. यशया ३८ मध्ये आजारी हिज्कीया राजाची प्रार्थना देवाने ऐकली आणि त्याच अध्यायात गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. प्रार्थना आणि लेप एकाच घरात.

दारूचं याहून जपून. रोज भरपूर पिणाऱ्याने प्रार्थना करून त्याच रात्री बाटली फोडली की सगळे हलेलुया म्हणतात. पण शरीराला दारूची सवय लागलेली असेल तर शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप. यात माणूस दगावू शकतो. लोक त्या भासांना सैतानाचा हल्ला समजून आणखी उपास करतात. त्याला त्या रात्री हॉस्पिटलात दाखल करायला हवं असतं. निर्धार प्रार्थनेत करा, पण सोडणं डॉक्टरच्या देखरेखीखाली. मग पुढची कित्येक वर्षं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका. शहरात त्या अनेक ठिकाणी चर्चच्याच हॉलमध्ये भरतात, आणि मराठीतही चालतात. त्यांच्या बारा पायऱ्यांत नववी पायरी लक्षात ठेवण्यासारखी: ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची, पण त्याने त्यांनाच आणखी इजा होणार असेल तर नाही.

आणि कुणी “जगायचा कंटाळा आला” म्हणालं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. कसं करायचं ते ठरवलं आहे का, हेही विचारा. ठरवलं असेल तर एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या, फिनेल, दोर हाताशी ठेवू नका, आणि सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा. टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर प्रत्येक चर्चच्या सूचनाफलकावर मिस्सेच्या, म्हणजे उपासनेच्या, वेळांशेजारी हवा.

ज्यांच्या घरात असं घडून गेलं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण अजूनही लोक कुजबुजतात. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधीसंहितेत आत्महत्या केलेल्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेत ती राहिली नाही. आणि चर्चची आजची शिकवण, धर्मशिक्षणग्रंथाच्या परिच्छेद २२८२ आणि २२८३ मध्ये, असं सांगते की तीव्र मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते, अशांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. फादरांना किंवा पाळकांना घरी बोलावून हे त्यांच्या तोंडून आईबापांना ऐकवा. त्यांना ते शंभर वेळा ऐकण्याची गरज असते.

बांद्र्याला मोत माऊलीच्या (माउंट मेरीच्या) टेकडीवर मेणाचे अवयव विकायला ठेवलेले असतात. हात, पाय, डोळे, हृदय, बाळ, घर. ८ सप्टेंबरच्या सणाच्या आठवड्यात तर रांगच्या रांग, आणि रांगेत सगळ्या धर्मांचे लोक. ते नवस आहेत, आणि त्यांच्याभोवती सौदेबाजीची वृत्ती वाढू शकते हे मला मान्य आहे. पण मेणाचा एक हात जवळून पाहा. साच्यातून काढलेला, पिवळट, मनगटाशी सपाट, पाच बोटं सरळ. ज्याचा हात लुळा पडला आहे तोही असाच हात विकत घेतो, तुटका हात कुणी घडवत नाही. माणूस आपल्या मोडलेल्या अवयवाचं नाव घेतो आणि तो कसा असायला हवा होता त्या रूपात देवापुढे ठेवतो. दोन्ही गोष्टी एकदम: काय मोडलं आहे हे सांगणं आणि ते मोडण्यासाठी घडवलेलं नव्हतं हे सांगणं. विलापाच्या वहीत शब्दांनी जे करायचं तेच इथे मेणाने होतं.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमधला बुधवारचा नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, १९४८ पासून चालू आहे. लोक नऊ बुधवार धरतात. त्याचा एक उपयोग फारसा कुणी बोलून दाखवत नाही. मोडलेल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही. सगळे दिवस एकसारखे होतात. नऊ बुधवार म्हणजे नऊ आठवडे, ठरलेला वार, ठरलेली गाडी, उठून कपडे बदलायला एक कारण. बरोबर जाणाऱ्या माणसाला नऊ भेटी मिळतात, त्याही प्रवासात, कुठलाही आव न आणता. चौथ्या-पाचव्या बुधवारी बोलणं निघतं. आणि जर गोळ्या चालू असतील तर त्यांचा परिणामही साधारण त्याच सुमारास दिसू लागलेला असतो. प्रोटेस्टंट मंडळीत नोव्हेना नाही, पण नऊ आठवडे ठरवून बरोबर उपासनेला जायला कुणाची ना नसावी.

तेलाचा विषय निघाला की अजूनही लोक घाबरतात. फादर तेल घेऊन आले म्हणजे संपलं, असा समज. रुग्णाला तेल लावण्याचा संस्कार फक्त मरणाऱ्यासाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने साठ वर्षांपूर्वी स्पष्ट केलं. गंभीर आजार, मोठं ऑपरेशन, म्हातारपणाचा अशक्तपणा, या सगळ्यांत तो घेता येतो, आणि आजार पुन्हा बळावला तर पुन्हा घेता येतो. कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, माणूस शुद्धीत असताना, हात स्वतः पुढे करू शकत असताना बोलवा. याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं आहे, अनेकवचनात. एका चमत्कार करणाऱ्याकडे गर्दी करायला सांगितलेलं नाही. घराजवळच्या चार जबाबदार माणसांनी खाटेपाशी यायचं आहे. आणि आजार गेला नाही तर? ज्या त्रासाला पौल “शरीरातला काटा” म्हणतो, तो जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, काटा राहिला. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

क्षमेवर फार काळजीने लिहायला हवं. क्षमा आणि समेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा एका बाजूने होऊ शकते, आतल्या आत, वर्षं लागू शकतात. समेटाला दोन माणसं लागतात आणि दुसऱ्याने बदललेलं दिसावं लागतं. योसेफाने त्याला विकून टाकणाऱ्या भावांना पाहिल्याबरोबर मिठी मारली नाही. त्याने त्यांना परत पाठवलं, धान्य दिलं, पारखलं, आणि बन्यामिनासाठी यहूदा स्वतः गुलाम व्हायला तयार झाला तेव्हाच ओळख दिली. जकातदार जक्कयाने “चुकलो” म्हणून सोडून दिलं नाही, चौपट परत करतो म्हणाला. पैसा, तारीख, वागणूक, यांतून पश्चात्ताप दिसतो. नुसत्या अश्रूंवर भरवसा ठेवू नका.

मत्तय १८:१५ मध्ये अपराध केलेल्या भावाशी एकांतात बोल असं आहे. मार खाणाऱ्या बाईला हे वचन देऊन नवऱ्यापाशी एकटीला पाठवणं म्हणजे तिला पुन्हा मारायला पाठवणं. आधी सुरक्षित जागा, मग बाकी सगळं. तातडीने ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा आहे. त्यात त्याच घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश आणि खर्च मागता येतो, आणि त्यासाठी घटस्फोटाची केस करावी लागत नाही. “संसार मोडेल” या भीतीने थांबलेल्या ख्रिस्ती बाईला हे शेवटचं वाक्य आवर्जून सांगा.

लहान मुलाच्या बाबतीत तर चर्चच्या समितीने बसून विचार करण्याचा प्रश्नच येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली लैंगिक अत्याचार कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. मुलांसाठी १०९८. “चर्चची बदनामी होईल” हे कारण देणारा माणूस कितीही मोठा असो, त्याचं ऐकायचं नाही. मुलाला प्रश्न विचारून विचारून तेच तेच सांगायला लावू नका. जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, वेळेसह लिहून ठेवा. ज्याने केलं त्यालाही देवाची क्षमा आहे, पण मुलांच्या वर्गाची किल्ली त्याला पुन्हा कधीही नाही. या दोन वाक्यांत काही विरोध नाही.

येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची गोष्ट इथेच येते. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाच्या विस्तवासाठीचा खास शब्द दोनदाच आहे. पहिल्यांदा १८:१८, महायाजकाच्या वाड्यात, थंडीत शेकत पेत्राने “मी त्याचा शिष्य नाही” म्हटलं तेव्हा. दुसऱ्यांदा २१:९, पहाटे किनाऱ्यावर, येशूने मासळी आणि भाकर भाजत ठेवली होती तेव्हा. तोच धूर, तोच वास. येशूने आधी न्याहारी दिली. मग तीन नकारांसाठी तीनदा एकच प्रश्न, “माझ्यावर प्रेम करतोस का?” तिसऱ्या प्रश्नाला पेत्र दुःखी झाला असं लिहिलं आहे. येशूने ते दुःख टाळलं नाही. सुरी नेमक्या जागी, पण पोट भरल्यावर, आणि प्रत्येक उत्तरानंतर एक काम हातात: माझी मेंढरं पाळ. त्याच अध्यायात १५३ मोठे मासे लागूनही जाळं फाटलं नाही, असं योहान मुद्दाम नोंदवतो. लूक ५ मध्ये, पेत्राला पहिल्यांदा बोलावलं त्या दिवशी, जाळी फाटू लागली होती.

काम हातात देणं हा सांधण्याचा शेवटचा टप्पा, आणि महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ. १८८२ मध्ये नवरा, मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती किंवा जेमतेम असेल. १८८९ मध्ये त्यांनी याच मुंबईत शारदा सदन सुरू केलं, विधवांसाठी. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुलींना नुसतं जेवण आणि प्रार्थना दिली नाही. विणकाम, शिवण, छपाई शिकवली, छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवायला लावले, अंधांना ब्रेलमध्ये वाचायला शिकवलं. ज्या मुलीला अपशकुनी म्हणून घराबाहेर काढलं तिच्या हाताने पवित्र शास्त्राची पानं छापली गेली. १९२१ मध्ये मुलगी मनोरमाही गेली, आणि १९२२ मध्ये रमाबाई स्वतः. त्यांची दुःखं थांबली नाहीत. पण सांधलेली जागा वजन पेलत राहिली.

पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. योहान २०:२७ मध्ये तो थोमाला बोट लावायला सांगतो. देवाला नवं, गुळगुळीत शरीर देता आलं असतं. ज्या आशेवर आपण उभे आहोत त्या आशेच्या शरीरावर व्रण आहेत. त्यातून रक्त वाहत नाही, पण ते पुसलेले नाहीत. म्हणून “तू पूर्वीसारखी कधी होणार?” हा प्रश्न विचारू नका. सांधलेल्या जाळ्यात नवा धागा वेगळ्या रंगाचा दिसतो. दर्यावर जाणारा माणूस त्याची लाज बाळगत नाही.

शेवटी कॅलेंडर. ज्याला सोबत करता त्याच्या तारखा फोनमध्ये घालून ठेवा: मृत्यूची किंवा घटनेची तारीख, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, दारू सोडलेला दिवस. नाताळच्या आधीचा आठवडा जड जातो; करंज्या करायला बोलवा, पण “यायलाच हवं” म्हणू नका. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, शिवडीच्या स्मशानभूमीत गर्दी असते, फुलं आणि मेणबत्त्या दारातच मिळतात. ज्याचं पहिलं वर्ष आहे त्याला एकट्याने तिथे जायला लावू नका, ऊन चढायच्या आत सकाळी न्या, पाण्याची बाटली आणि कबर पुसायला एक जुनं फडकं घ्या. वर्षदिनाच्या मिस्सेला सगळे येतात. त्यानंतर लोकांना वाटतं झालं वर्ष, आणि फोन बंद होतात. तेराव्या महिन्यातला एक बुधवार आजच ठरवून लिहून ठेवा, आणि त्या दिवशी फोन करा.